पाच जागा

नायनाला ऐकू येत नाही.
साखर पेठेतल्या मागांनी चाळीस वर्षांत खाल्लं ते,
उजवा कान आधी, डावा सावकाश.
म्हणून माझ्या फोनवरची ही मुकी चित्रफीत
त्याला अपुरी वाटत नाही.

दोन मिनिटांची, काळी-पांढरी.
कुठल्यातरी जर्मन शहराचा चौक,
मागं काजळलेलं उंच चर्च, पुढं विटांचे ढीग.
गल्लीच्या तोंडाशी अमेरिकन रणगाडा अडून राहिलेला,
आमच्या बोळात सुताच्या गाठींचा टेम्पो अडतो तसा:
पुढचं दिसत नाही, मागं वळता येत नाही.

‘हा जॉबर,’ वर डोकं काढलेल्याकडं बोट दाखवून नायना म्हणतो.
‘एकजण खाली बसलाय, त्याला रस्ता फटीएवढाच.
आणि गोळा भरणारा, त्याचा हात बघ की.’
हात दिसत नाही. पोलादाच्या आत कसा दिसणार?
पण नायनाच्या मांडीवर त्याचाच हात चालू झालाय:
रिकामी कांडी काढ, भरलेली घाल, धोटा लाव,
माग थंड पडायच्या आत.
‘आत बोलून उपयोग नाही,’ तो म्हणतो.
‘खांद्यावर थाप मारत असतील. आम्ही तसंच करायचो.’

त्या साली आजोबा मिलमध्ये खाकी विणत होता.
कुणाच्या अंगावर गेली ती, त्यानं विचारलं नसेल.
विचारून पगार वाढत नव्हता.

चौकात जर्मन रणगाडा उभा आहे.
त्याची लांब नळी वळते, आणि थबकते.
एक क्षण. शेजारच्यानं हाक मारली म्हणून
कुणी मान वळवावी, तेवढाच.
अमेरिकन थबकत नाहीत.
एक. पुन्हा एक. तिसरा.
झाकणातून धूर नाही, आधी माणूस येतो.
मग दुसरा. मग एक, जो उडी मारत नाही,
नुसता सांडतो.

‘मागं घे.’
मी मागं घेते.
‘थांबव. हितं.’
नायना चष्मा काढून पडद्याला नाक लावतो.
मागांच्या गदारोळात तो ओठ वाचायला शिकला,
तेलुगू, मराठी, कन्नड, मालकाच्या शिव्या.
‘जर्मन येतं का तुला?’ मी हातानं विचारते.
‘ओठ कुठल्याबी भाषेचे असू देत,’ तो म्हणतो,
‘नाव घेताना वेगळे होतात.
आत कुणाला तरी बोलावलाय तो.
जागा पाच. भायेर तीन.’

अक्कलकोट रोडचा टॉवेलचा कारखाना, रात्रपाळी.
फाटकाशी उभा राहून नायना बोटांवर मोजत होता:
दासरी आला, इराबत्तीचा धाकटा आला,
बिहारचा तो पोरगा, ज्याचं नाव मस्टरवर नव्हतं,
त्याच्यासाठी उरलेलं बोट
पहाटेपर्यंत त्यानं मिटलं नव्हतं.
मला वाटलं, आता बोलेल.
त्यानं चहा मागितला. साखर जास्त.

चहा घेऊन आले तेव्हा लाइट गेलेली.
चव्वेचाळीस अंशांचं दुपारचं ऊन पत्र्यातून अजून उतरत होतं,
आणि अंधारात त्याचा चेहरा तेवढा उजळलेला.
पुढं-मागं करायला त्याचा तो शिकला होता, अंगठ्यानं,
सूत तुटलं की माग उलटा फिरवतात तसं हळूहळू.
धूर झाकणात परत गेला. तिघं परत गेले.
नळी अजून वळायची आहे.
गल्लीच्या तोंडाशी ते दुसरे पाच अडून आहेत.

‘दहाजण,’ तो मोठ्यानं म्हणाला,
बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं.
बॅटरी नऊ टक्के होती.
अंगठा त्यानं काढला नाही.
‘जेवली असतील का गं ही?’